आधी लगीन भागीचं

लग्नात माणसं भांडत नाहीत एवढी लग्नपत्रिकेवरून भांडतात. बोईसरला स्टेशनजवळच्या गल्लीत माझं पत्रिकांचं दुकान आहे, म्हणून हे छातीठोकपणे सांगते. कोणाच्या काकाचं नाव खाली गेलं, कोणाचा मामा राहिला, की झालाच तमाशा. माझा नवरा नरहरी मागे मशीनवर असतो, तो सहसा बोलत नाही. बोलायचं खातं माझ्याकडे. मजकूरही मीच लिहिते आणि त्यातला एक शब्द कोणी हलवला तरी माझं डोकं फिरतं. पण हे माझं पुराण राहू दे. सांगायचंय ते भागीचं.

भागी वारली समाजातली, मासवणकडच्या एका पाड्यावरची. पाम गावी आमची भाजीची वाडी आहे, तिथे पावसाळ्यात ती निंदणीला येऊन राहायची, तेव्हाची आमची ओळख. ती मला बाय म्हणते, मी तिला तोंडाला येईल ते बोलते, आणि तीही व्याजासकट परत करते. एकदा मी म्हटलं, "भागी, तुझा हात मंद चालतो गो." तर म्हणाली, "तुजी जीब चालते ना बाय, मग वाडी होते साफ." आमची सासू तेव्हा ओटीवर बसली होती, तिला हसू आवरेना.

भागी सुकाच्या घरी आली ती डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेतून. सुकाने तिला बांगड्या भरल्या आणि ही बया परत बापाच्या घरी गेलीच नाही. बापाने आरडाओरडा केला, मग दोन्हीकडची माणसं बसली, ताडी प्याली आणि ठरलं की लगीन पुढच्या वर्षी लावू. त्यांच्यात यात काही वावगं नाही. माणसं एकत्र राहतात, संसार करतात, पोरं होतात, पाड्यावर त्यांना मान असतो. लगीन मात्र रीतसर लागावं लागतं. त्याला धवलेरी लागते, म्हणजे लग्न लावणारी बाई. आमच्याकडे भटजी मंत्र म्हणतो, त्यांच्याकडे ती गाणी म्हणत लग्न लावते. आणि अख्खा पाडा जेवायला घालावा लागतो.

पुढचं वर्ष आलं आणि गेलं. दिवाळी झाली की सुका-भागी भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, ते आभाळ भरून आलं की परत. लग्नसराई नेमकी त्याच मधल्या महिन्यांतली. पावसात मांडव कोण घालणार? मग पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या वर्षी. मध्ये भागीचा बाप गेला, आई गेली, भट्टीवरच भावना जन्मली. ते लगीन राहिलं ते राहिलंच.

भावना पाच वर्षांची झाली तशी विटा उलटायला लागली. भागीने ते एक वर्ष पाहिलं आणि दुसऱ्या वर्षी तिला आश्रमशाळेत नेऊन ठेवली. मुकादमाने विचारलं, "पोरगी कुठाय?" भागी म्हणाली, "ती वाचाया गेली. तुजी चिठ्ठी तरी वाचून दाखवील." पुढे तिने भट्टीही सोडली. आता बोईसरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवण करते. बिहारकडची पोरं तिला मौसी म्हणतात आणि ती त्यांना दरडावते, "ए भय्या, चावल फेकेगा तो मार खाएगा." पोरं तिला घाबरतात आणि सणाला घरचे लाडू आणून देतात.

भावना नर्स झाली. पालघरला दवाखान्यात लागली आणि तिथेच तिची विनोदशी ओळख झाली. आजोबांना घेऊन तो तिथे यायचा. विनोद तारापूरला औद्योगिक वसाहतीत लॅबमध्ये काम करतो. त्याचे वडील रामा मास्तर आश्रमशाळेतून निवृत्त झालेले, त्यांच्याच समाजातले, पण आता पालघरला फ्लॅटमध्ये राहतात. लग्न ठरलं आणि माय-लेकी पत्रिकेसाठी माझ्या दुकानात आल्या. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! चहा मागवला, सगळ्यात भारी कागद काढला आणि कॉम्प्युटरवर सुरुवात केली. श्री कुलदेवतेच्या कृपेने आमची सुकन्या वगैरे माझं नेहमीचं ठेवणीतलं.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. भागी ऐकत होती. मग म्हणाली, "आनि माजं?"

"तुझं नाव आहे की गो. आई म्हणून घातलंय."

"नाव नाय. माजं लगीन. तां पन लिव."

मला आधी कळेचना. मग तिने समजावलं. आई-बापाचं लगीन लागल्याशिवाय पोरांचं लगीन त्यांच्या पाड्यावर लागत नाही. म्हणजे पोरीआधी आई-बाप मांडवात उभे राहणार. मशीनमागून नरहरी ओरडला, "म्हणजे आधी लगीन भागीचं, मग आमच्या भावनाचं!" वर्षातून एकदा बोलतो, पण बोलतो तेव्हा असा.

भागी खळखळून हसली. भावना हसली नाही. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"आये, ते करूच ना. पण पत्रिकेत कशाला? आदल्या दिवशी धवलेरीला बोलवू, घरातली चार माणसं, दार लावून उरकून टाकू."

"दार लावून?"

"हॉस्पिटलमधले सगळे येणार आहेत. डॉक्टर येणार आहेत. आणि मास्तरांच्या घरी काय सांगू? त्यांच्याकडे शोकेसमध्ये सत्काराच्या शाली आहेत, भिंतभर फोटो आहेत. त्यांना कळलं की माझ्या आईचं लग्नच झालेलं नाही, तर काय म्हणतील? मला त्या घरात राहायचंय!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तू काय आभाळातून पडलीस?" असं मी म्हणालेच. भागीने मला हाताने गप्प केलं. आणि मग जे बोलली ते आवाज न चढवता बोलली.

"भावना, मी सुकाकडं आली ती चोरून आली. आता चोरून लगीन नाय करायची. लोकांना बोलवून करीन. तू लहान होती, तुला ठावं नाय. पाड्यात कोनाचं पन लगीन असूदे, धवलेरी हाक मारते, सवासिनी या. सगळ्या बाया आत जातात हळद लावाया. मी मागं जाते भांडी घासाया. कोन मला काय बोलत नाय. पन मला जावं लागते. तुज्या हळदीला पन मी भांडीच घासू काय?"

भावनाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिची भीती काही त्या पाण्याने वाहून गेली नाही. "काकू, छापू नका," एवढंच मला म्हणाली आणि पायऱ्या उतरून निघून गेली. पोरगी वाईट नाही हो. लहानपणापासून होस्टेलमध्ये राहिलेली, 'भट्टीवाली' म्हणून हिणवलेली. कष्टाने वर आलेल्या माणसाला पाय घसरायची फार धास्ती असते. हे मला आता कळतं, त्या दिवशी मात्र तिला धरून दोन द्याव्यात असं वाटत होतं.

भागी बसून राहिली. मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस, मी असा मजकूर लिहिते की मास्तर काय, कलेक्टर आला तरी उठून उभा राहील." आणि लिहायला बसले, तर काय, हातच चालेना! पत्रिका म्हणजे कोणीतरी वडीलधारं माणूस बोलावणार. भागीचे आई-बाप नाहीत, सुकाचे नाहीत. निमंत्रक कोण घालू? 'सुकन्या' लिहू तर बाई पन्नाशीला टेकलेली. 'चिरंजीव सुका' म्हटलं तर तो मिशा पांढऱ्या झालेला. माझ्याकडे साखरपुड्याचा मजकूर आहे, बारशाचा आहे, साठीशांतीचा आहे. पोर लग्नाला आलेल्या नवरा-नवरीचा नाही. मी तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं.

भागी माझी धडपड बघत होती. शेवटी उठली आणि पदर सारखा केला.

"नको छापू. कागद भावनाचा हाय, तिला नको तं नको. पन तांदूळ तं माजे हायत ना?"

त्यांच्या पाड्यावर खरं बोलावणं कागदाचं नसतंच. हळदीत माखलेले तांदूळ घेऊन घरोघर जायचं, दारातल्या माणसाच्या तळहातावर ठेवायचे आणि तोंडाने सांगायचं, लगीन हाय, या. तांदूळ घेतले की बोलावणं घेतलं.

"कोणाला देणार?" मी विचारलं.

"पयले व्याह्यांना. मास्तरांना नि मास्तरीनबाईना. बाय, तू चल माज्यासंगं. मास्तरांसमोर माजी जीब नाय वळली तं तुजी वळंल."

आता बोला! ज्या घराच्या भीतीने पोरगी रडत गेली, नेमक्या त्याच घरी ही स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन निघाली. मी म्हटलं, "भागी, भावनाला विचार तरी." ती म्हणाली, "तिनं मला इचारलं काय, विनोदसंगं फिरायच्या आदी?"  पण खोटं कशाला बोलू. हात दाखवून अवलक्षण होणार, ठरलेलं लग्न मोडणार, आणि त्या पोरीचं आयुष्य आम्ही दोघी मिळून नासवणार असं वाटत होतं.

रविवारी आम्ही पालघरला गेलो. भागीने इस्त्रीचं हिरवं पातळ नेसलेलं, हातात फडक्यात बांधलेले तांदूळ. रामा मास्तरांचं घर भावनाने सांगितलं तसंच. शाली, फोटो, कुंडीत तुळस, सगळं जागच्या जागी. मास्तर आदबशीर, शुद्ध बोलणारे. त्यांची बायको जिवली गोरी, ठेंगणी, फारसं न बोलणारी. पाणी झालं, चहा झाला, हवापाण्याचं झालं. भागीची जीभ काही वळेना. मी कोपराने ढोसलं.

तशी ती उठली. जिवलीसमोर जाऊन उभी राहिली, फडकं सोडलं आणि म्हणाली, "येहीणबाय, हात करा." जिवलीने तळहात पुढे केला. भागीने पिवळे तांदूळ त्यावर ठेवले.

"आमचं लगीन हाय. माजं नि सुकाचं. पोरांच्या आदी. रायलं होतं तां लावतोय. तुमी दोगांनी यायचं."

 मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. मी मनात म्हटलं, संपलं. आता हे सभ्य शब्दांत हाकलणार. मी भांडायची तयारीसुद्धा केली. पहिलं वाक्य जिभेवर आलं होतं.

जिवलीने मूठ मिटली. तांदूळ घट्ट धरले. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, तुमी सांगता का मी सांगू?"

मास्तर जमिनीकडे बघत राहिले. मग जिवलीनेच सांगितलं.

"आमचं पन बाकी हाय."

"काय बाकी?" मीच विचारलं, बावळटासारखं.

"लगीन. मास्तरांना नोकरी लागली तशी मी त्यांच्यामागं पहिल्या शाळेवर गेली. तिथून बदली, मग आनखी बदली. सगळे मना मास्तरीनबाय बोलाया लागले. मग सांगायचं कोनाला, नि कसां? पाड्यावर लगीन असलं का मी जातच नाय. मास्तरांची बायको म्हनून मना पुढं बोलावतात हळदीला. खोटा मान कसा घेऊ? डोकं दुखते सांगते नि घरी राहते."

मास्तर म्हणाले, "नोकरीच्या कागदावर विवाहित लिहिलं आणि तेच खरं मानत गेलो. विनोदचं ठरल्यापासून हिला झोप नाही. आम्ही ठरवलं होतं, हिच्या भावाच्या पाड्यावर जाऊन गुपचूप लावून घ्यायचं. तुम्हाला कळलं तर तुम्ही पोरगी द्याल की नाही, या भीतीने." 

 मग भागी जी हसायला लागली! पदर तोंडात कोंबून हसली, खाली बसून हसली. जिवलीही हसायला लागली, मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.  मास्तर मला म्हणाले, "आपण आणखी चहा घेता का?" मी म्हटलं, "घेते. आणि मास्तर, तुमच्यासारखा घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही." ते म्हणाले, "खरं आहे." वर्गात पोराने कबुली द्यावी तसे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भागीपाठोपाठ भावना आणि विनोद दुकानात हजर. विनोदला आई-बापांनी रात्रीच सगळं सांगितलं होतं, तो वेड्यासारखा हसत होता.  भावना भागीचा हात धरून उभी होती. भागी म्हणाली, "हात सोड गो, भात लावाया जायचाय कँटीनला." पण हात तिनेही सोडवून घेतला नाही.

प्रश्न पुन्हा तोच. आता दोनाची तीन लग्नं झालेली, आणि निमंत्रक कोण? मास्तरांनी कागदावर एक मसुदा पाठवला होता, त्यात 'विवाहविधी संपन्न करण्याचे योजिले आहे' असं काहीतरी होतं. मी म्हटलं, हे तर धरणाच्या भूमिपूजनासारखं वाटतं. माझाही काही धड नव्हता. तेवढ्यात भावनाची नजर काचेखालच्या जुन्या पत्रिकांवर गेली. तुम्हाला माहीत आहे, पत्रिकेच्या तळाशी घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावाने एक ओळ असते, 'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' ती भावनाने वाचली आणि मला म्हणाली, "काकू, उठा. मी लिहिते."

माझ्या खुर्चीवरून मला कोणी उठवलेलं नाही आजवर. उठले.

तिने लिहिलं ते असं:

"आमच्या आई-बाबांच्या लग्नाला यायचं हं! भागी आणि सुका, जिवली आणि रामा यांनी संसार आधी केला. आम्हाला वाढवलं, शिकवलं. लग्न तेवढं राहिलं होतं. ते मासवणच्या पाड्यावर, आमच्या मांडवात, धवलेरीच्या गाण्यांनी लागेल. दुसऱ्या दिवशी त्याच मांडवात आमचं. दोन्हीला या. बोलावणारे, भावना आणि विनोद."

माझी कुलदेवता गेली, सुकन्या गेली, आग्रहाचं निमंत्रण गेलं. एरवी मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. पण मी ते भागीला वाचून दाखवायला घेतलं आणि 'संसार आधी केला' इथे माझाच पदर डोळ्यांना गेला. पुढचं नरहरीने वाचलं. भागीने सगळं ऐकलं आणि लेकीला विचारलं, "डागदरला पन देशील हा कागद?" भावना म्हणाली, "सगळ्यात आधी त्यांनाच देणार." आणि दिलाही. डॉक्टर अख्खं कुटुंब घेऊन आले.

लग्नाला काय गर्दी म्हणता! पाडा होता, तारापूरहून विनोदचे मित्र होते, कँटीनची सगळी भय्या पोरं मौसीच्या शादीला नवे शर्ट घालून आली होती. मास्तरांचे जुने विद्यार्थी आले होते, ते तर मास्तरांच्या मुंडावळ्या बघून दोन्ही हातांनी मोबाईल धरून उभे. सुका एवढा लाजला होता की मान वर करेना. एक म्हातारी ओरडली, "सुका, बघ तरी, पोरगी पसंत हाय का!" सुका खाली बघूनच म्हणाला, "पयलेच बघितलीय." मांडव हसून हसून आडवा व्हायचा बाकी राहिला. दोन्ही पोरं दारात उभी राहून प्रत्येकाला आत बसवत होती, "या, आईचं लगीन आहे." धवलेरीचं गाणं तासन्‌तास चाललं. मला त्यातले अर्धे शब्द कळले नाहीत, तरी शेवटी तांदूळ पडले तेव्हा मी घळाघळा रडले. माझ्या स्वतःच्या लग्नात मी एवढी रडले नव्हते.

संध्याकाळी पोरांची हळद. भावना आत दारासमोर पाटावर बसली. धवलेरीने आतून हाक दिली, "सवासिनी, या गो!"

बाया उठल्या. भागीही उठली, पदर खोचला, कोपऱ्यातलं खरकटं घमेलं उचललं आणि मागच्या दाराकडे चालायला लागली. तिच्या लक्षातही नव्हतं. पायच तिकडे गेले. मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात भावना पाटावरून उठली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आये! तिकडं कुठं? तुला बोलावतात!"

भागी थांबली. वळून म्हणाली, "मला?"

"तुलाच!"

जिवलीने पुढे होऊन तिच्या हातातलं घमेलं काढून घेतलं, जमिनीवर ठेवलं आणि दोघी विहिणी आत गेल्या. धवलेरीने हळदीची वाटी आधी भागीपुढे धरली. तिने दोन्ही हात भरून घेतले, लेकीच्या गालांना लावले आणि ते हात तिथेच राहिले. मागे बाया रांगेत उभ्या होत्या, पण कोणीही तिला घाई केली नाही.